ऑनलाइन एमएससी (हवामानबदल आणि कार्बन व्यवस्थापन): नोकरी सांभाळून केलेली तीन वर्षं

हातोडी

नोव्हेंबरात निकाल लागला. तीन वर्षांपूर्वी इथेच "असा कोर्स कुणी केलाय का?" असं विचारलं होतं, तेव्हा फारसं कुणी भेटलं नव्हतं. म्हणून आता स्वतःच सविस्तर लिहितोय.

मी भोसरीला नट-बोल्टच्या कारखान्यात मेंटेनन्स आणि युटिलिटी बघतो. शिक्षण मेकॅनिकल डिप्लोमा, मग नोकरीत राहून डिग्री. २०२२ साली आमच्या एका मोठ्या ग्राहकाकडून प्रश्नावली आली: तुमचा स्कोप १ (स्वतः जाळलेल्या इंधनाचं आणि गळलेल्या गॅसचं उत्सर्जन) किती, स्कोप २ (विकत घेतलेल्या विजेमागचं उत्सर्जन) किती, कपातीचं उद्दिष्ट काय. साहेबांनी ती माझ्या टेबलावर ठेवली, कारण विजेचं बिल माझ्याकडे येतं. मी रात्री बसून अर्थ शोधला, अंदाजाने रकाने भरले आणि पाठवून दिलं. ते आकडे चुकीचे होते हे मला पुढे कळलं, पण काहीतरी ठोकून दिल्याची बोच त्याच दिवशी लागली होती. त्या सप्टेंबरात प्रवेश घेतला.

विद्यापीठ स्कॉटलंडमधलं. रचना ब्रिटनमध्ये सगळीकडे असते तीच: एकूण १८० क्रेडिट, त्यातले ६० प्रबंधाचे. ६० झाल्यावर थांबलात तर सर्टिफिकेट, १२० वर थांबलात तर डिप्लोमा. फी विषयागणिक भरता येते, त्यामुळे एकदम बोजा आला नाही. तरी सगळं मिळून बारा लाखांच्या आसपास गेले. हा आकडा लपवण्यात अर्थ नाही, कारण तुमचा निर्णय त्यावरच ठरणार आहे.

आठवड्याला बारा ते पंधरा तास लागतात. रेकॉर्ड केलेली व्याख्यानं, भरपूर वाचन आणि एक थेट चर्चासत्र. तिकडचे संध्याकाळचे पाच म्हणजे उन्हाळ्यात आपले रात्रीचे साडेनऊ, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं मागे गेली की साडेदहा. पहिल्या वर्षी मी हे विसरलो आणि तासभर रिकाम्या खोलीत बसून राहिलो.

विज्ञानाचा विषय मला सर्वांत कठीण जाईल असं वाटलं होतं, पण तोच सर्वांत आवडला. हवाई बेटांवरच्या मौना लोआ वेधशाळेत १९५८ साली मोजायला सुरुवात झाली तेव्हा हवेत कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण दहा लाखांत ३१५ भाग होतं, आता ते ४२० च्या पुढे आहे. तो आलेख आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्यातली दरवर्षीची करवतीच्या दात्यांसारखी वरखाली म्हणजे उत्तर गोलार्धातल्या झाडांचा श्वास आहे, हे मात्र मला चाळिशीत कळलं. त्या रात्री मी बायकोला उठवून ते दाखवलं.

पण माझं खरं शिक्षण झालं हिशेबाच्या विषयात. पहिला गृहपाठ होता, आपल्याच कामाच्या जागेचा एक महिना मोजा. आमची वीज महिन्याला साधारण १,२०,००० युनिट. केंद्रीय विद्युत प्राधिकरण ग्रिडचा उत्सर्जन गुणांक, म्हणजे एका युनिटमागे किती कार्बन डायऑक्साइड सुटतो ते, जाहीर करतं. तो युनिटमागे ०.७ किलोच्या आसपास असतो. म्हणजे ८५ टनांच्या घरात. जनरेटरचं डिझेल २,००० लिटर, लिटरमागे २.६८ किलो, म्हणजे साडेपाच टनांना थोडं कमी. इथवर सोपं होतं. मग शिक्षिकेने विचारलं, "एसीत गॅस भरला होता का?" भरला होता. आर-४१०ए नावाचा, १० किलो, पावती फाइलला होती. त्या गॅसची तापवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,९०० पट. दहा किलो गळून गेला म्हणजे १९ टन. महिनाभर धडधडणाऱ्या जनरेटरच्या तिप्पट, आणि तोही कुणाला न दिसता, न वास येता. दुसऱ्या दिवशी मी पहिलं काम केलं ते एसीवाल्याला बोलावून सगळे जॉइंट साबणाच्या पाण्याने तपासून घेण्याचं.

प्रबंधाबद्दल वेगळं लिहितो. कुणाला काही विचारायचं असेल तर जरूर विचारा.

मोगरा

फार उपयुक्त धागा. वाचनखूण साठवली आहे. मी बीएस्सी केमिस्ट्री, मुलांमुळे आठ वर्षं घरी. असा कोर्स करून परत नोकरी मिळेल का, हे प्रामाणिकपणे सांगाल का?

हातोडी

मोगरा ताई, नुसत्या डिग्रीवर मिळणं अवघड आहे. माझ्या वर्गातल्या ज्यांना लगेच काम मिळालं ते आधीपासून कुठल्या ना कुठल्या धंद्यात होते. कुणी सिमेंटमध्ये, कुणी जहाजांच्या हिशेबात, एक बाई हॉस्पिटलच्या खरेदी खात्यात. कार्बन मोजणारा माणूस हवा असतो, पण त्याला ते यंत्र, ती पावती आणि ते खातं माहीत असलेलं हवं असतं. तुमची केमिस्ट्री ही मोठी जमेची बाजू आहे. माझा सल्ला असा की बारा लाख घालण्याआधी स्वयम् किंवा एनपीटीईएलवरचा एखादा विनामूल्य कोर्स करा. मग जीएचजी प्रोटोकॉलचं, म्हणजे उत्सर्जन कसं मोजायचं याच्या जागतिक नियमावलीचं, कॉर्पोरेट मानक वाचा, तेही फुकट उतरवून घेता येतं. सहा महिन्यांनीही गोडी टिकली तर पुढे जा. इग्नूची पर्यावरण अभ्यासातली एमए खूपच स्वस्त पडते, तीही पाहून ठेवा.

आणखी एक. प्राध्यापकी किंवा सरकारी नोकरी डोक्यात असेल, तर परदेशी ऑनलाइन पदवीची समकक्षता मिळते का हे पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्या. खासगी कंपन्यांत मला तरी कुणी हे विचारलं नाही.

रोजमेळ

मी सीए आहे. आमच्या बाजूने थोडी भर घालतो.

सेबीने २०२१ मध्ये बीआरएसआर अहवालाचा (कंपनीची पर्यावरण आणि समाजाबाबतची जबाबदारी सांगणाऱ्या अहवालाचा) नमुना आणला आणि २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना तो बंधनकारक केला. २०२३ मध्ये त्यातले निवडक मुद्दे 'कोअर' म्हणून बाजूला काढले आणि त्यांची तपासणी बाहेरच्या माणसाकडून करून घेणं टप्प्याटप्प्याने सक्तीचं केलं. तिथून हा विषय पर्यावरण खात्यातून उठून आमच्या टेबलावर आला. मोठी कंपनी स्वतःचे आकडे देते आणि मग पुरवठादारांकडे मागते. हातोडींच्या टेबलावर आलेली प्रश्नावली त्याच साखळीतली.

मला पदवी घ्यायची नाही, पण हिशेबाचा भाग नीट शिकायचाय. तेवढाच विषय करता येतो का?

हातोडी

येतो. बऱ्याच ठिकाणी एकेक विषय सुटा घेता येतो आणि पुढे मन झालं तर ते क्रेडिट धरले जातात. तुमच्यासारख्यांनी हे शिकणं फार गरजेचं आहे. आमच्या वर्गात सर्वांत चांगली उत्सर्जनाची वही एका हिशेबनिसाची होती. त्याने प्रत्येक आकड्यासमोर व्हाउचर नंबर लिहिला होता. आम्हा इंजिनिअर मंडळींना तेवढी शिस्त नव्हती.

वाशिष्ठीकाठ

मी चिपळूणची. २२ जुलै २०२१ ला आमच्या घरात तळमजला पूर्ण पाण्यात होता. आईची शिवणाची मशीन, बाबांच्या दुकानाच्या वह्या, सगळं चिखलात. ९ ऑगस्टला, म्हणजे अजून आम्ही घर धूत होतो तेव्हा, आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलावरच्या शास्त्रीय समितीच्या) सहाव्या अहवालाचा पहिला भाग आला. बातमी मी मोबाइलवर वाचली, हाताला चिखल होता. त्यानंतर मला हा विषय शिकायचाच होता आणि मी हातोडींसारखाच एक कोर्स घेतला, दुसऱ्या विद्यापीठाचा.

मी एका वर्षात सोडला. कारण लिहिते, कुणाच्या उपयोगी पडेल. नावात 'कार्बन व्यवस्थापन' असेल तर त्यात कार्बनच असतो. मला हवं होतं ते अनुकूलन, म्हणजे बदललेल्या हवामानाशी जुळवून कसं घ्यायचं ते. नदीत गाळ किती, पाणी वाढल्यावर इशारा कुणी कुणाला द्यायचा, दुकानांचे विमे का नाकारले जातात, पुढचं घर कुठल्या उंचीवर बांधायचं. त्यावर एक ऐच्छिक विषय होता आणि त्यातली उदाहरणं नेदरलँड्सची होती.

शिकले मात्र खरं. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की मध्य भारतात मोठ्या भूभागावर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या. आमचा पूर केवळ हवामानबदलामुळे आला असं मी म्हणत नाही. नदी, गाळ, भरती, बांधकामं हे सगळं त्यात आहे. पण हे दोन आकडे कळल्यावर "शंभर वर्षांतून एकदाच असा पाऊस होतो" असं म्हणून मला कुणी गप्प करू शकलं नाही.

हातोडी

वाशिष्ठीकाठ, तुमचं म्हणणं शंभर टक्के पटलं. प्रवेशाआधी विषयांची यादी मागवून घ्या हे मी वर लिहायला हवं होतं. माझ्या कोर्समध्येही अनुकूलन दोन आठवड्यांत उरकलं. शिवाय अभ्यासाच्या कित्येक गोष्टी ब्रिटनच्या घरांवर बेतलेल्या: बॉयलर, भिंतींचं आवरण, दुहेरी काचा. एका विषयाचा तपासलेला निबंध तर मला सहा आठवडे उशिरा मिळाला, तोपर्यंत पुढच्याची मुदत संपत आली होती. एवढे पैसे घेऊन हे व्हायला नको.

राईनकाठ

ड्युसेलडॉर्फहून लिहितोय. मी इथे एका आयात करणाऱ्या कंपनीत खरेदीत आहे, बोल्ट आणि स्क्रू भारतातूनही येतात. सीबॅमचं, म्हणजे युरोपीय संघाच्या आयात मालावरच्या कार्बन शुल्काचं, काम माझ्याकडे आहे. भारतातल्या बऱ्याच पुरवठादारांकडून येणाऱ्या तक्त्यात एकच आकडा सगळीकडे चिकटवलेला असतो. हातोडी, तुमचा प्रबंध याच्यावर आहे का? कुतूहल आहे.

हातोडी

राईनकाठ, अगदी त्याच्यावरच. बैजवार लिहितो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: युरोपीय संघात पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं, हायड्रोजन आणि वीज बाहेरून आणायची तर ती बनवताना किती कार्बन सुटला ते सांगावं लागतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून नुसते अहवाल होते. १ जानेवारी २०२६ पासून खरा काळ सुरू झालाय, म्हणजे त्या कार्बनची किंमत तिकडच्या आयातदाराला मोजावी लागणार. हायड्रोजन आणि वीज सोडून बाकीचा माल वर्षाला ५० टनांपेक्षा कमी आणणाऱ्याला सूट आहे. आमच्याकडे सगळ्यांचा समज होता की हे पोलाद कारखान्यांचं लचांड. पण यादीत कस्टमचा ७३१८ क्रमांक आहे आणि नट, बोल्ट, स्क्रू त्याच क्रमांकात येतात.

आता बोल्टमधला कार्बन आमच्या कारखान्यात फार थोडा तयार होतो. तो येतो तारेसोबत. आम्ही वायर रॉड विकत घेतो, खेचतो, ठोकतो, आटे पाडतो, भट्टीतून काढतो, जस्ताचा मुलामा देतो. भारतात एक टन कच्चं पोलाद बनवताना सरासरी अडीच टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सुटतो. पण ही सरासरी आहे. दगडी कोळशाच्या झोतभट्टीचं पोलाद आणि भंगार वितळवून विजेच्या भट्टीत केलेलं पोलाद यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. म्हणजे माझा सगळा प्रश्न असा झाला: ही तार कुठून आली?

त्याचं उत्तर तारेच्या वेटोळ्याला बांधलेल्या पत्र्याच्या बिल्ल्यावर असतं. त्यावर हीट नंबर, म्हणजे ते पोलाद भट्टीच्या कुठल्या खेपेतलं आहे त्याचा क्रमांक, कोरलेला असतो, तो गिरणीच्या टेस्ट सर्टिफिकेटशी जुळवायचा. आमच्याकडे वेटोळं मशीनला चढवताना ऑपरेटर तो बिल्ला कटरने तोडून भंगाराच्या पिंपात टाकायचे. वर्षानुवर्षं. मी आमच्या स्टोअरकीपर काकांना विचारलं, तर ते म्हणाले, "साहेब, एवढंच ना? खिळा ठोकतो." त्यांनी प्रत्येक मशीनच्या खांबाला एक खिळा ठोकला, सुटलेला बिल्ला त्याला अडकवायचा, आणि शिफ्ट संपली की बिल्ले आणि त्या लॉटचं जॉबकार्ड एकत्र बांधून त्यांच्या कपाटात. चार महिन्यांत माझ्याकडे साडेतीनशेच्या वर बिल्ले जमले. माझा प्रबंध त्या खिळ्यांवर उभा आहे, आणि आभारात काकांचा उल्लेख पहिला आहे.

दुसरी अडचण एलपीजीची. भट्टीचा आणि कँटीनचा गॅस एकाच बिलात. कँटीनचा वजा करायचा होता. गेटवरच्या रजिस्टरात वॉचमन किती सिलिंडर कँटीनकडे गेले ते लिहीत होता, कुणी सांगितलेलं नसताना. त्यावरून सुटलं.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यावर माझा आणि मार्गदर्शकांचा बराच वाद झाला. वर्गात सतत सांगत, भट्ट्या विजेवर न्या. ब्रिटनच्या ग्रिडचा गुणांक युनिटमागे ०.२ किलोच्या आसपास आहे, तिथे ते बरोबरच आहे. आपला ०.७. मी हिशेब मांडला. एलपीजी जाळून एक युनिट उष्णता काढताना ०.२२ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सुटतो. आमच्या जुन्या भट्टीतून निम्मी उष्णता धुराड्याने वाया जाते असं धरलं तरी ०.४४. विजेची भट्टी ८० टक्के कार्यक्षम धरली तरी ०.८८ किंवा त्याच्याही पुढे. म्हणजे आज भोसरीत भट्टी विजेवर नेली तर हवेत दुप्पट कार्बन जाईल. पण सीबॅममध्ये लोखंड-पोलादासाठी फक्त थेट उत्सर्जनाची किंमत मोजतात, विजेचं धरत नाहीत. म्हणजे कागदावर आमचा आकडा कमी होईल, कंपनीचा फायदा होईल, आणि हवेचं नुकसान.

मार्गदर्शकांनी आधी मानलं नाही. मग त्यांनी माझे आकडे स्वतः तपासले आणि हे प्रकरण प्रबंधाच्या मध्यभागी घ्यायला सांगितलं. कंपनीला मी लेखी शिफारस दिली की आधी धुराड्याची उष्णता परत वापरा, छतावर सौर पॅनल पुरेसे झाले की मग विजेच्या भट्टीचं बघू. धुराड्याचं काम दिवाळीनंतर सुरू झालंय. मला या डिग्रीने काय दिलं असं कुणी विचारलं तर मी हेच सांगतो. तीन वर्षांपूर्वी मी अंदाजाने रकाने भरत होतो, या वेळी चुकीच्या निर्णयाला आकड्यानिशी अडवू शकलो.

राईनकाठ

हे वाचून फार बरं वाटलं. आयातदाराच्या बाजूने सांगतो: प्रत्यक्ष आकडा मिळाला नाही तर ठरवून दिलेला ठोकळ आकडा वापरावा लागतो आणि तो मुद्दाम चढा ठेवलेला असतो. त्यामुळे ज्याच्याकडे बिल्ले जपलेत त्याचा माल उद्या आम्हाला स्वस्त पडणार. कोल्हापूरच्या ओतकामवाल्या मित्रांनी मात्र आधी आपला कस्टम क्रमांक नीट बघावा. ७३२५ मधली कास्टिंगं मूळ यादीत नाहीत. उगाच घाबरून सल्लागाराला पैसे देऊ नका, पण यादी वाढू शकते, तेव्हा मोजायची सवय आतापासून लावा.

बांधावरचा

दादा, मी बीएस्सी ॲग्री शेवटच्या वर्षाला आहे, संगमनेर तालुका. आमच्या गावात एक जण फिरतोय, बांबू लावा, कार्बन क्रेडिटचे एकरी लाखो रुपये मिळतील म्हणतोय. कागदावर सह्या घेतोय. वडील सही करायच्या बेतात आहेत. तुमच्या कोर्समध्ये हे होतं का?

हातोडी

होतं, आणि वडिलांना आज सही करू देऊ नका.

झाडाचा हिशेब अवघड नाही. वाळलेल्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मा कार्बन असतो. त्याला ३.६७ ने गुणलं की कार्बन डायऑक्साइड मिळतो. एक टन वाळलेलं लाकूड म्हणजे सुमारे १.८ टन. एक क्रेडिट म्हणजे हवेतून काढलेला किंवा सुटू न दिलेला एक टन कार्बन डायऑक्साइड, त्याचा विकता येणारा दाखला. आता तुमच्या एकरात वर्षाला किती टन वाळलेलं वजन वाढेल ते तुम्ही कॉलेजात शिकलाच आहात. त्यावरून लाखो कसे होतात ते त्या माणसालाच मांडून दाखवायला सांगा.

पुढे आणखी प्रश्न आहेत. ही लागवड क्रेडिट नसतं तरी झाली असती का? झाली असती तर क्रेडिट मिळायला नको. बांबू तोडून विकला तर कार्बन परत सुटतो, मग किती वर्षं तोडायचा नाही, आणि ते कागदावर कुठे लिहिलंय? मोजणीचा आणि तपासणीचा खर्च कुणाचा? पैसे येईपर्यंत कितीतरी वर्षं जातात, तोवर जमिनीवर बोजा चढतो का? प्रकल्प कुठल्या नोंदवहीत (क्रेडिट तपासून नोंदणाऱ्या संस्थेकडे) नोंदलाय, त्याचा क्रमांक काय? क्रमांक दिला नाही तर बोलणं तिथेच थांबवा. जानेवारी २०२३ मध्ये जगातल्या सर्वांत मोठ्या नोंदवहीच्या जंगल-क्रेडिटवर मोठी शोधबातमी आली होती आणि बाजाराचा विश्वास पार ढासळला होता. तिथे असं होतं, तर सह्या घेत फिरणाऱ्या माणसाचं काय सांगावं? बांबू चांगलं पीक आहे, जरूर लावा, पण बांबूच्या भावासाठी लावा.

वाशिष्ठीकाठ

भात लावणाऱ्यांनाही हेच सांगून जातात. आलटून पालटून पाणी द्या, मिथेन कमी होतो, क्रेडिट घ्या. मिथेन खरंच कमी होतो. पण त्यासाठी पाणी तुमच्या हातात लागतं. कोकणात जुलैत शेतातून पाणी काढणार कुठे?

बांधावरचा

दादा, सही थांबवली. त्याच्याकडे नोंदीचा क्रमांक नव्हता. वडिलांना तुमची पोस्ट वाचून दाखवली.

मला हे शिकायचंय, पण बारा लाख नाहीत. तुम्ही म्हणालात तसं स्वतःचा एक महिना मोजायला घेतो. आमचं गावात दूध संकलन केंद्र आहे, काका चालवतात.

हातोडी

फार छान निवड. वीज, जनरेटरचं डिझेल, बल्क कूलरचा गॅस आणि दूध नेणारी गाडी. एवढं आधी. आणि हे लक्षात असू दे की दुधाचा बहुतेक कार्बन केंद्रात नसतोच, तो गोठ्यात असतो. गाय रवंथ करताना मिथेन सोडते आणि त्याची तापवण्याची ताकद शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट धरतात. ते स्कोप ३ मध्ये, म्हणजे आपल्या साखळीतल्या इतरांच्या उत्सर्जनात, येईल, पण ते नंतर. आधी काकांची बिलं.

मोगरा

मी एनपीटीईएलचा कोर्स सुरू केला. सोसायटीच्या पंपाचं आणि लिफ्टचं बिल सेक्रेटरींकडून मागून आणलं. बांधावरचा, तुझा तक्ता टाक, मी माझा टाकते.

बांधावरचा

जानेवारी महिना, केंद्राचा:

वीज २,३४० युनिट. ०.७१ ने गुणून १,६६१ किलो.
जनरेटर डिझेल १६० लिटर. २.६८ ने गुणून ४२९ किलो.
गाडी भाड्याची आहे, डिझेल मालक भरतो. किलोमीटर लिहून ठेवलेत, ते स्कोप ३ मध्ये टाकले.
बल्क कूलरचा गॅस: डिसेंबरात कूलिंग कमी झालं म्हणून भरला होता असं काका म्हणतात. किती भरला आठवत नाही, पावती सापडत नाही. तिथे शून्य लिहू का?

हातोडी

शून्य लिहू नका. रकाना रिकामा ठेवा आणि समोर "पावती नाही, डिसेंबरात भरला" असं लिहा. भरणाऱ्या तंत्रज्ञाला फोन करा, त्याच्या वहीत सिलिंडरचं आधीचं आणि नंतरचं वजन असू शकतं. आणि कंप्रेसरवर एक छोटी धातूची पाटी असते, त्यावर गॅसचा प्रकार आणि किलो लिहिलेले असतात. तिच्यावरची धूळ पुसून फोटो इथे टाका, पुढचं आपण मिळून करू.